एका माणसाची नाव

रंधा फळीवरून अर्ध्यात आला होता, तेवढ्यात गल्लीतून बायकांचा एकच गलका उठला. "नाव घे! नाव घे! घेतल्याबिगर आत सोडायची न्हाय तुला." कुंडलिकचा हात थांबला. रंध्याच्या तोंडातून निघालेली ढलपी तशीच अर्धवट कुरळी होऊन राहिली. शेजारच्या प्रयागबाईच्या हिंदुरावाचं लग्न काल इंदापूरला लागलं होतं आणि आज नवरी घरी यायची होती, हे त्याला माहीत होतं. सकाळीच प्रयागबाई परसातल्या कुडावरून सांगून गेली होती, "कुंडलिकदादा, आजच्या दिवस ठोकाठोक नका करू. पाव्हणं येणार हायती. त्यास्नी वाटंल हितं कुणाची तिरडी बांधाय लागल्यात." मग जीभ चावून ती गेली होती. म्हणून त्यानं हातोडा बाजूला ठेवून रंधा घेतला होता. रंध्याचा आवाज शिंकेएवढाही होत नाही. आता दारात माप ठेवलेलं असणार, नवरी खाली मान घालून उभी असणार, आणि बायकांनी उंबरा अडवलेला असणार. एक बारीक, थकलेला आवाज आला. "पाटाच्या कडंला उसाचा फड, हिंदुरावांचं नाव घेते, पाय झाल्यात जड." बायका खिदळल्या. कोणीतरी म्हणालं, "अगं बया! आत्ताच पाय जड झालं व्हय गं?" त्यावर प्रयागबाईचा आवाज, "चालून चालून म्हणती ती! आधी तुमची तोंडं धुऊन या." पुन्हा हसणं, मग माप लवंडल्याचा आवाज, तांदूळ सांडल्याचा, आणि सगळ्या आत गेल्या. गल्ली रिकामी झाली. कुंडलिक रंध्यावर दोन्ही हात ठेवून तसाच वाकून उभा होता. नाव घे.

वैशाखात दवाखान्यातल्या लोखंडी खाटेवर त्याची बायको त्याला हेच म्हणाली होती. "आता तरी नाव घ्या." दुपारची वेळ होती. ताप उतरून अंग गार पडत चाललं होतं आणि त्यालाच सगळे घाबरले होते. तो स्टुलावर बसून तिच्या ओठांना पाणी लावत होता. तिनं डोळे उघडले, चांगलं ओळखून त्याच्याकडे बघितलं आणि ते शब्द बोलली. त्यानं लगेच उत्तर दिलं होतं. उशीर केला नव्हता. "घेतो," तो म्हणाला होता. "उन्हाळा सरू दे, सरला की घेतो." ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिनं तोंड भिंतीकडे केलं. त्याला वाटलं होतं, समाधान झालं. इतक्या वर्षांची एक गोष्ट आपण कबूल केली, आता ती निवांत झोपेल. संध्याकाळी नर्स चादर ओढायला आली तेव्हाही त्याच्या मनात हेच होतं की निदान तेवढं तरी आपण म्हणालो. लोक भेटायला आले तेव्हा त्यांनाही त्यानं हेच सांगितलं. शेवटचं काय बोलली, असं लोक विचारतातच. तो म्हणायचा, नाव घ्या म्हणाली. नदीकाठची होती. लोक मान डोलवायचे.

कारण तिनं नाव मागितली होती, यात कोणाला संशय येण्यासारखं काही नव्हतं. तिचं माहेर पळसदेवचं, भीमेच्या काठावरचं. तिचा बाप उतार चालवायचा; ह्या काठाची माणसं, शेरडं, दुधाच्या कासंड्या त्या काठाला. ती नावेतच रांगायला शिकली, असं तिची आई सांगे. लग्न होऊन ती बारामतीला आली, तेव्हा तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, हितं नदी कुठं हाय? त्यानं तिला कऱ्हा दाखवली होती. तिनं कऱ्हेकडे बघितलं आणि ती माघारी वळली. बाप मेला तेव्हा ती मागं लागली, आपण तितं जाऊ, वखार सोडा, नाव चालवू. तो वखारीत करवतीवर होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओंडका चिरायचा, लाकडाचा भुसा नाकातोंडात जायचा, रात्री ती त्याची पाठ खोबरेल लावून चोळायची. पण हातचं सोडून पळत्या पाण्याच्या मागं कोण जातं? तो म्हणायचा, बघू. मग तिचा भाऊ गेणबा बापाच्या नावेवर उभा राहिला आणि विषय मिटला. तरी मधूनच, भाकरी थापता थापता, ती म्हणायची, "एखादी जुनी का होईना, नाव घ्या वो. कोरड्यात जीव घुसमटतो माजा." बघू. तिचं ते म्हणणं हळूहळू दाराच्या कुरकुरीसारखं झालं होतं. ऐकू यायचं, पण उठून कोणी तेल घालत नसे.

तेराव्यानंतर त्यानं काम सुरू केलं. विकत नाव कोण देणार आणि ती बारामतीत ठेवणार कुठं, म्हणून त्यानं ती स्वतःच करायची ठरवली. नावेची बांधणी त्याला ठाऊक नव्हती. त्याला एकच ठाऊक होती. इंग्रज साहेब असताना, कालव्याच्या बंगल्यावर एक गोरा इंजिनियर होता, त्याच्याकडे एक निमुळती, वरून झाकलेली लाकडी होडी होती. मधे एक भोक, त्यात पाय लांब करून बसायचं, आणि दोन्ही टोकांना पान असलेलं वल्हं इकडून एकदा, तिकडून एकदा मारायचं. तो साहेब कालव्यातून तसा जाताना लोक पुलावर उभे राहून बघत. त्या होडीची एक फासळी मोडली तेव्हा वखारीतून कुंडलिकला बोलावणं आलं होतं, आणि ती उपडी घालून, दोन दिवस तिच्या पोटावरून हात फिरवत त्यानं ती दुरुस्त केली होती. साहेब गेला, होडी कुठं गेली कोण जाणे, पण ती हातात राहिली होती. डोळे मिटून बोटं पसरली की तिचा आकार तळव्याला लागायचा. आता तो तळहातावरून ती करत होता. काटेवाडीचा एक वाळलेला आंबा वखारीत आला होता, त्याच्या पातळ फळ्या त्यानं चिरून घेतल्या. फासळ्यांना बाभूळ घेतली, कारण गाडीच्या चाकाला बाभूळच लागते आणि वाकलेलं लाकूड म्हटलं की त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. बायकोच्या हंड्यात पाणी उकळायचं, फळीवर ओतायचं, ओली फळी हळूहळू फासळीला दाबत न्यायची, खिळा मारायचा. फटीत कापूस आणि राळ. मालकांना, मानसिंगरावांना, कळलं तेव्हा ते गादीवरून ओरडले, "कुंडलिक, बारामतीला समुद्र येणार हाय का रं? आदी सांग बाबा, वखार उचलून न्हेतो." पण तो फळ्या न्यायचा तेव्हा ते दुसरीकडे बघत.

घरात आता राळेचाच वास होता. परसात काम, पण राळ तो चुलीवर कढवायचा, आणि धूर घरभर बसायचा. एके दिवशी गोधडी अंगावर घेताना त्याच्या लक्षात आलं की गोधडीलाही राळेचाच वास येतोय. त्यानं ती नाकाशी धरली, उलटी केली, कोपरे हुंगले. आधी त्यात दुसरा एक वास होता. तो कसला होता हे त्याला सांगता आलं नसतं, पण तो होता, आणि आता नव्हता. तिच्यासाठी चाललेल्या कामानं तो घालवला होता. तेव्हाही त्यानं मनाची समजूत घातली होती की काम पुरं झालं की धूर जाईल.

आणि आता नाव घे, म्हणून बायका ओरडल्या होत्या. कुंडलिक खाली बसला. ढलप्यांचा ढीग त्याच्या वजनानं चुरचुरला. एक शब्द जरी तिनं पुढं लावला असता! 'एखादी' म्हणाली असती तर पाण्यातली झाली असती. 'माजं' म्हणाली असती तर दुसरं झालं असतं. तिनं काहीच लावलं नाही. दुखण्यानं जीभ जड झाली होती, जेवढं लागेल तेवढंच बोलली. पण एक शब्द तिनं लावला होता, आणि त्याच्याकडे त्यानं आजपर्यंत बघितलंच नव्हतं. आता तरी. नाव घ्या, असं ती नेहमीच म्हणायची. 'आता तरी' कधी म्हणायची नाही. मरणाऱ्या बाईला पाण्यातली नाव कशाला? दवाखान्याच्या खाटेवरून उठून ती कुठं जाणार होती? आता म्हणजे काय? आता म्हणजे, आई नसताना.

त्याच्या आईचं नाव ठमाबाई. आणि पळसदेवची जी मुलगी त्याला सांगून आली, तिचंही नाव ठमाच. एका घरात दोन ठमा कशा चालतील? सासूचं नाव सुनेनं तोंडात घेऊ नये, आणि सुनेला हाक मारताना नवऱ्यानं आईचं नाव कसं घ्यावं? मांडवातच ठरलं, हिचं सिंधू. कोणीतरी ताटात तांदूळ पसरले, त्याच्या हातात अंगठी दिली आणि लिही म्हणाले. त्याला लिहिता येत नव्हतं. चुलत्यानं त्याचा हात धरून अक्षरं काढली. मग बायकांनी त्याला अडवलं. आता नाव घ्या, नवरदेव. त्याला कोणीतरी कानात सांगितलेलं यमक आठवेना, शेवटी तो एवढंच म्हणाला, "सिंधूचं नाव घेतो, जेवायला चला." हशा झाला. आणि ती, हिरव्या लुगड्यातली, त्या हशात मान वर करून इकडेतिकडे बघू लागली. जणू सिंधू नावाची कोणी दुसरी बाई मांडवात आली असावी आणि ती कोण, हे तिला बघायचं असावं. ते त्याला आज आठवलं. इतकी वर्षं ते कुठं होतं?

त्यानंतर त्यानं ते नावही घेतलं नाही. कशाला घ्यायचं? चारचौघांत बायकोला नावानं हाक मारणारा माणूस बारामतीत अजून व्हायचा होता, आणि घरात दोघंच असताना हाक मारली की ती तिलाच असायची. अगं ए. ऐकलं का. पाणी दे. दार लाव. मूल झालं असतं तर त्याची आई म्हणून तरी हाक मारता आली असती. तेही झालं नाही. ऐकलं का, म्हटलं की ती यायची. दोन वर्षांपूर्वी आई गेली. आईला पोचवून आल्यावर दहाव्याच्या रात्री ती भांडी घासता घासता एकदम म्हणाली होती, "आता घरात एकच नाव राह्यलं." त्याला वाटलं होतं, ती आईच्या आठवणीनं बोलली. तो म्हणाला होता, "दिवा बारीक कर."

उठून तो परसाच्या दाराशी गेला, कडी लावली आणि भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाला, "ठमा." आवाज त्याच्याच ओठांत राहिला. समोर आई उभी राहिली. कपाळावर गोंदण, दातात मिसरी, एका हातात सूप. त्यानं डोळे मिटले आणि पुन्हा म्हणाला. आईच. आई म्हणत होती, काय रं? तो दचकून बाजूला झाला. मग त्यानं "सिंधू" म्हणून बघितलं. कोणीच आलं नाही. ते नाव ताटातल्या तांदळासारखं होतं. हलवलं की गेलं. आता त्याला काम पुढं नेववेना आणि टाकूनही देववेना. एखाद्या फळीवर हात ठेवला की वाटे, हे सगळं चुकीचं आहे, तिनं भाकरी मागितली आणि आपण तिच्यासाठी विहीर खणत बसलो. मग वाटे, नाही, नदीकाठची होती, नावच मागितली. दोन्ही खरं वाटे. तो वखारीत ओंडका चिरताना रेघ सोडू लागला. मानसिंगराव म्हणाले, "कुंडलिक, करवत लाकडावर हाय का पायावर, एवढं तरी बघ." दोहोंतलं कोणतं, एवढं त्याला कळायला हवं होतं. तिला तिच्या नावानं हाक मारणारी माणसं पळसदेवला होती. तिची आई होती. शब्द एकदा तिच्या कानावर घालावे, ती ओळखील. लेकीचं बोलणं आईला कळणार नाही तर कोणाला? म्हणून त्यानं होडी पुरी केली. तळाला डांबर दिलं, मधल्या भोकाभोवती काथ्या गुंडाळला, कार्तिकातल्या एका सकाळी दोघांच्या खांद्यावर देऊन एसटीच्या थांब्यावर आणली. तिच्या माहेरी जाताना मोकळ्या हातानं कसं जायचं, असंही कुठंतरी मनात होतं.

कंडक्टरनं होडीभोवती एक फेरी मारली. "पाव्हणं, ही काय हत्तीची शेंग हाय का?"

"होडी हाय."

"बारामतीत होडी? अवो, कऱ्हेत म्हशीचं पोटबी भिजत न्हाय." थांब्यावरची माणसं हसली. कंडक्टर वाकून भोकात डोकावला. "आन हिच्यात माणसं बसायची कुठं?"

"एकच बसतंय. मधी."

"एकच? मंग हाकायचं कुणी?"

"त्यानंच."

कंडक्टरला ते पटलं नाही. "एका माणसाची कसली आली नाव?" तो म्हणाला आणि टपावर दोर फेकला. गाडी सुटली. कुंडलिक खिडकीशी बसला. कालवा थोडा वेळ रस्त्याच्या कडेनं आला आणि मग वळून उसात गेला. एकच बसतंय. परसात कामावर असताना हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पण ते त्यानं मोठ्यानं कधी म्हटलं नव्हतं. म्हणजे ती नाव मागत होती हे खरं धरलं, ती जगली असती हेही खरं धरलं, तरी ह्या नावेत तिला बसायला जागा नव्हती. त्यानं ती मापानं केली होती, आणि माप साहेबाचं होतं. वर टपावर होडी दोरात कुरकुरत होती. तो मान वर करून छपराकडे बघत राहिला; शेजारच्या म्हाताऱ्यानंही वर बघितलं, काही दिसेना तेव्हा त्यानं कुंडलिककडे बघितलं आणि पिशवी मांडीवर ओढून घेतली.

भिगवणला उतरून पुढं एका रिकाम्या बैलगाडीनं तो पळसदेवला पोचला. देवळाच्या खालच्या अंगाला, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर गेणबाचं घर. गेणबा नावेला डांबर फासत होता. तसाच काळ्या हातानं धावत आला. "दाजी! कळवायचं न्हाय का!" मग त्यानं होडी बघितली. तिच्यावर टिचकी मारली, एका बाजूनं उचलून बघितली आणि त्याचं तोंड पडलं. "बाभूळ घातली व्हय फासळ्यास्नी?"

"व्हय."

"दाजी, ही नाव हाय का बैलगाडी? बाभूळ पाण्यात बसती, तरंगत न्हाय." दाजीचा चेहरा बघून तो घाईनं म्हणाला, "पर काठाकाठानं चालंल. झ्याक केलीया. हात चांगलाय."

सासू, फुलाबाई, ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिला आता कमी दिसत होतं. जावई पाया पडला तेव्हा तिनं त्याचं डोकं, कान, खांदे चाचपून बघितले. "वाळलात," ती म्हणाली. जेवण झाल्यावर गेणबा नदीवर गेला आणि दोघंच राहिली, तेव्हा कुंडलिकनं सांगितलं. वाटेत त्यानं ते बोलणं नीट मांडून ठेवलं होतं, पण बाहेर आलं ते भलतंच लहान होऊन आलं. "मामी, शेवटी ती म्हनाली, आता तरी नाव घ्या. मी म्हनलं, घेतो, उन्हाळा सरला की. मला वाटलं ही पाण्यातली. आता वाटतंय, तिचं. तिचं नाव. तुमास्नी काय वाटतंय?"

म्हातारीच्या हातातली शेंग फुटली. दाणे तिनं सुपात टाकले, टरफलं पदरात.

"कसं म्हनाली? जोरात का हळू?"

"हळू."

"हसून?"

"न्हाय."

"मला काय ठावं पाव्हणं? मी न्हव्हते तितं. तुमी व्हता." मग दुसरी शेंग उचलत, "तुमी तिला हाक कशी मारायचा?"

"ऐकलं का, म्हनायचो."

"आन ती ऐकायची?"

"ऐकायची की."

"मंग झालं तर," फुलाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "आमी तरी कुठं घेत व्हतो? तुमी संगट आलात की आमीबी सिंधूच म्हनायचो. तुमच्या आईचं नाव की ते, तुमच्या म्होरं कसं घ्यावं? तुमी गावात गेलात, की मंग ती हितं चुलीपाशी येऊन बसायची. म्हनायची, आता म्हन."

कुंडलिकनं खाली बघितलं. "कसं म्हनायचा तुमी? एकदा म्हना की. मला ऐकायचंय."

"न्हाय," ती म्हणाली. "गेलेल्या माणसाला नावानं हाक मारू न्हाय. वाटंतनं माघारी फिरतंय." आणि तिनं सूप पुढं ओढलं.

मग तो नदीवर गेला. दुसरं जायला ठिकाणच नव्हतं. ऊन तिरपं झालं होतं. गेणबानं होडी पाण्यात लोटून धरली आणि कुंडलिक त्या भोकात पाय घालून बसला. होडी एकदम खाली गेली. होडीचा काठ आणि पाणी यांच्यात वीतभरसुद्धा अंतर राहिलं नाही. "मधी जाऊ नगा," गेणबा म्हणाला. "दाजी, काठाकाठानं!" कुंडलिकनं वल्हं मारलं. इकडून एकदा, तिकडून एकदा. साहेबाचे हात जसे चालायचे तसे आपले चालतायत असं त्याला वाटलं, आणि होडी सरळ जायच्याऐवजी डावीकडे ओढत मधेच निघाली. गेणबा काठावरून ओरडत होता, मग त्याचं ओरडणं पाण्यावर पसरून पातळ झालं. खाली पाणी लाकडाला चाटत होतं, अगदी मांडीला लागून, मधे बोटभर आंब्याची फळी. एका फटीतून पाणी झिरपायला लागलं होतं. टाचा भिजल्या. त्याला भीती वाटली नाही. त्याला वाटलं, ती असं म्हणायची ते हेच असावं. इथं जीव घुसमटत नाही, इथं जीवाला काही आडवंच येत नाही. मग वाटलं, हेही आपणच म्हणतोय, ती काय म्हणायची ते आपल्याला काय माहीत. त्यानं वल्हं आडवं ठेवलं. नदी त्याला नेत होती. इथं कुडापलीकडे प्रयागबाई नव्हती, ओसरीवर म्हातारी नव्हती. तो म्हणाला, "ठमा." पाण्यावर ते कोरडं पडलं. आई आलीच, सूप घेऊन, पण पाण्यावर तिला उभं राहायला जागा मिळेना. तो पुन्हा म्हणाला, मोठ्यानं. मग त्याहून मोठ्यानं. घसा फुटेपर्यंत त्यानं ते नाव घेतलं, इतक्या वेळा की शेवटी ते कोणाचंच राहिलं नाही, नुसता तोंडातून निघणारा आवाज झाला, करवतीसारखा, पुढं मागं, पुढं मागं. कोणी आलं नाही. आईही गेली.

पलीकडचा काठ केव्हा जवळ आला ते त्याला कळलं नाही. दगडांवर बायका धुणं धूत होत्या. होडीचं टोक चिखलाला टेकलं तसं त्यांचं आपटणं थांबलं. पुढची एक थोराड म्हातारी लुगडं वर खोचून उठली. "ओ पाव्हणं! मघापासनं कुणाला हाळी देताय? कोण बुडालंय का?"

"न्हाय."

"मंग?"

"बायको," तो म्हणाला.

"चुकली व्हय? कुठल्या गावची? नाव काय तिचं?"

"ठमाबाई." ते इतकं सहज आलं की ते आपणच बोललो यावर त्याचा विश्वास बसेना. म्हातारी लगेच वळली आणि दगडांच्या टोकाकडे तोंड करून तिनं हाक मारली, "ठमेऽ! अगं ए ठमे! ऊठ. ह्यो बाबा तुला नावेतनं न्यायला आलाय बघ."

"कोण गं?" पलीकडून आवाज आला, आणि शेवटच्या दगडावरची एक बाई उठून उभी राहिली. "मला? माजा दादला तर गुऱ्हाळावर हाय." सगळ्या हसल्या. ती मात्र हसता हसता थांबली आणि कपाळावर हात धरून उन्हातून त्याच्याकडे बघू लागली. कोपरापर्यंत साबणाचा फेस, हातात अर्धवट पिळलेलं धोतर. तिशीची असेल, देवीच्या वणांचा चेहरा, रुंद हाडाची. तिच्यात आणि त्याच्या बायकोत काहीएक सारखं नव्हतं. ती दोन दगड पुढं आली.

"काय काम हाय वो?"

कुंडलिकनं तोंड उघडलं. पाणी दे. दार लाव. दिवा बारीक कर. इतक्या वर्षांत ठमाला सांगितलेली कामं त्याला ओळीनं आठवली, आणि यांतलं एकही ह्या बाईला सांगता येण्यासारखं नव्हतं. ती वाट बघत उभी होती. धोतरातून पाणी ठिबकत होतं.

"काय न्हाय," तो म्हणाला.

तरी ती लगेच गेली नाही. आपल्याला बोलावलंय, म्हणजे काहीतरी असणारच, असं तिच्या उभं राहण्यात होतं. शेवटी तिनं विचारलं, "मंग बसू का मी? धुणं राह्यलंय."

"बसा," कुंडलिक म्हणाला.

ती माघारी गेली, बसली, आणि तिची पाठ त्याच्याकडे झाली. बाकीच्याही बसल्या. होडीत पाणी घोट्याच्या वर आलं होतं. त्यानं वल्हं उचललं नाही. दगडांवर आपटणं पुन्हा सुरू झालं, आधी एकीचं, मग दुसरीचं, मग सगळ्यांचं. त्यातलं तिचं कोणतं ते तो थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिला. मग त्याला ते ओळखू येईना.